जारवा दिसले का?

अंदमानहून कोणी परत आलं की आपल्याकडे तीन प्रश्न ठरलेले असतात. सेल्युलर जेल पाहिलं का? हॅवलॉकला स्कूबा केलं का? आणि मग आवाज जरा खाली आणून, जारवा दिसले का? पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तराला तिकीट असतं, पावती असते, फोटो असतात. तिसऱ्याला यातलं काहीच नसतं. जारवांना बघायला जाणं, त्यांच्यासाठी गाडी थांबवणं, त्यांचे फोटो काढणं कायद्यानं मना आहे. तरी प्रश्न विचारला जातो आणि उत्तर देणाराही संकोचत नाही. "हो, दोघं होते रस्त्याच्या कडेला, एक लहान मूल पण होतं," असं तो सांगतो. ताडोब्याहून आलेला माणूस वाघ आणि बछड्याबद्दल सांगतो, अगदी त्याच सुरात.

माझं भांडण या सुराशी आहे. ज्यांना "येऊ नका" असं म्हणायची सोय नाही, किंवा ज्यांनी म्हटलं तरी कोणी ऐकत नाही, त्यांच्या घरात फिरायला जाऊ नये, इतकंच माझं म्हणणं आहे. पॅकेज टूरनं जाऊ नये, पाठीवर सॅक टाकून एकट्यानंही जाऊ नये. "मी कॅमेरा काढणार नाही, फक्त बघणार" असं स्वतःला समजावून तर मुळीच जाऊ नये. हे ऐकायला इतकं साधं आहे की कोणी विरोध करणार नाही असं वाटेल. प्रत्यक्षात रोज पहाटे जिरकाटांगच्या चेकपोस्टवर गाड्यांची रांग लागलेली असते.

ही रांग कशासाठी असते ते पाहू. पोर्ट ब्लेअरहून (सप्टेंबर २०२४ पासून त्याचं नाव श्रीविजयपुरम आहे) उत्तरेकडे जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवांच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगपासून मिडल स्ट्रेटच्या जेट्टीपर्यंत सुमारे ५० किलोमीटर. गाड्या एकत्र सोडतात, पुढे-मागे पोलीस असतात, वेगाची मर्यादा ताशी ४० किलोमीटर. थांबायचं नाही, खाऊ द्यायचा नाही, फोटो नाही, असे फलक आहेत. जेट्टीवरून फेरीनं पलीकडे बाराटांगला जायचं, चुन्याच्या गुहा बघायच्या, चिखलाचा ज्वालामुखी बघायचा आणि त्याच दिवशी त्याच जंगलातून परत यायचं. गुहा बऱ्या आहेत. चिखलाच्या ज्वालामुखीत एका खड्ड्यात बुडबुडे येतात. एवढ्यासाठी मराठी कुटुंब सुट्टीत रात्री दोन-अडीचला उठून आंघोळी उरकेल, हे मला खरं वाटत नाही. गाडीतल्या प्रत्येकाला आपण कशासाठी उठलो ते माहीत असतं. ड्रायव्हरला माहीत असतं, टूरवाल्याला माहीत असतं आणि पोलिसालाही माहीत असतं. छापील कार्यक्रमात मात्र 'गुहा' लिहिलेलं असतं.

हा रस्ता असा असू नये असं न्यायालयानं सांगून झालंय, आणि त्यात आपल्याकडच्या माणसांचा हात आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तीन संस्थांनी अंदमानच्या जंगलांसाठी आणि आदिवासींसाठी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्यातली एक अंदमानातली 'सेन', दुसरी पुण्याची 'कल्पवृक्ष' आणि तिसरी मुंबईची 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'. न्यायालयानं शेखर सिंग आयोग नेमला, आणि ७ मे २००२ ला त्याच्या शिफारशी मान्य करून राखीव क्षेत्रातून जाणारे रस्त्याचे भाग बंद करायला सांगितलं. तेव्हा जन्मलेली मुलं आज नोकरीला लागली आहेत. रस्ता चालूच आहे, उलट त्याला राष्ट्रीय महामार्गाचा दर्जा मिळालाय.

जानेवारी २०१२ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्रानं एक चित्रफीत बाहेर काढली. त्यात जारवा बायकांना खाण्याच्या बदल्यात नाचायला सांगितलं जात होतं. देशभर दोन आठवडे संताप झाला. कायदा कडक झाला, राखीव क्षेत्राभोवतीच्या पट्ट्यात बेकायदा घुसणाऱ्याला सात वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद झाली. २०१३ च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयानं काही आठवडे पर्यटकांना या रस्त्यावर बंदीही घातली. मग बंदी उठली आणि रांग पुन्हा लागली. तुम्ही म्हणाल, आता कोणी नाचायला लावत नाही. खरं असेल. पण माणसांना दिवसातून अनेकदा आपल्या जंगलातून जाणाऱ्या गाड्यांच्या काचांमागचे डोळे सोसावे लागत असतील, तर नाच थांबला एवढ्यानं काय सुधारलं?

काळं पाणी कोणाचं?

आपण मराठी माणसं अंदमानला मुख्यतः एका वास्तूसाठी जातो. सेल्युलर जेलमध्ये संध्याकाळी प्रकाश-ध्वनीचा कार्यक्रम बघताना अनेकांचे डोळे भरून येतात. त्यात खोटं काही नाही. तिथे माणसांचे अतोनात हाल झाले. पण ब्रिटिशांनी १८५८ मध्ये पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत सुरू केली तेव्हा ती बेटं रिकामी नव्हती, हे त्या कोठड्यांमधून फिरताना आपल्याला कोणी सांगत नाही. तिथे ग्रेट अंदमानी लोकांच्या दहा टोळ्या होत्या, हजारो माणसं होती. आपल्यासाठी ते काळं पाणी होतं. त्यांच्यासाठी ते नुसतं पाणी होतं, रोजचं, मासे देणारं.

मे १८५९ मध्ये ते वसाहतीवर चालून आले. दूधनाथ तिवारी नावाचा पळालेला कैदी वर्षभर त्यांच्यात राहिला होता, त्यांनी त्याला सांभाळलं होतं, तिथे त्याचं लग्नही झालं होतं. हल्ला होणार अशी खबर त्यानंच इंग्रजांना दिली आणि बदल्यात शिक्षामाफी मिळवली. धनुष्यबाण बंदुकांपुढे हरले. नंतर त्यांच्यासाठी 'अंदमान होम' नावाची निवासस्थानं काढली गेली, सुधारणा करण्यासाठी. तिथे सिफिलिस पसरला. १८७७ मध्ये गोवराची साथ आली. २०११ च्या जनगणनेत ग्रेट अंदमानी ४४ उरले होते. जानेवारी २०१० मध्ये बोआ सीनियर ही वृद्धा वारली आणि तिच्याबरोबर बो ही भाषा संपली. शेवटची काही वर्षं तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारं कोणी नव्हतं. भाषातज्ज्ञ अन्विता अब्बी यांनी तिचा आवाज ध्वनिमुद्रित केला म्हणून तो निदान ऐकायला तरी मिळतो.

लिटल अंदमानच्या ओंगेंची गोष्ट वेगळी नाही. १९०१ मध्ये ते ६७२ होते, २०११ मध्ये १०१. त्याच जनगणनेत जारवा ३८० होते. म्हणजे त्यांची सगळी जमात तुमच्या शाळेच्या दोन इयत्तांत बसेल. आणि लक्षात घ्या, 'जारवा' हे त्यांचं नावही नाही. शेजारच्या ग्रेट अंदमानींनी त्यांना दिलेलं ते नाव, अर्थ साधारण 'परके लोक'. ते स्वतःला आंग म्हणतात. आपण ज्यांना बघायला पहाटे उठतो त्यांचं नाव विचारायची तसदीही आपण घेतलेली नाही.

गोवर हा शब्द आपल्याला किरकोळ वाटतो. लहानपणी येतो आणि जातो. ज्यांच्या अनेक पिढ्यांनी तो पाहिलाच नाही त्यांच्यासाठी तो किरकोळ नसतो. जारवांशी येणं-जाणं वाढलं आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. आपल्या सर्दीखोकल्याला पासपोर्ट लागत नाही, तो चेकपोस्टवर थांबत नाही.

बाण ही भाषाच आहे

उत्तर सेंटिनल बेटावरच्या लोकांना वर्तमानपत्रं 'जगातली सर्वांत हिंस्र जमात' म्हणतात. १८८० मध्ये मॉरिस पोर्टमन हा इंग्रज अधिकारी तिथे फौजफाटा घेऊन उतरला. एक म्हातारं जोडपं आणि चार मुलं मिळून सहा जणांना उचलून त्यानं पोर्ट ब्लेअरला आणलं. सगळे आजारी पडले. म्हातारा-म्हातारी मेली. मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडलं. परत जाताना मुलांनी कोणते जंतू नेले, किती माणसं मेली, याची नोंद कोणाकडे नाही. हे तुमच्या वाडीत घडलं असतं तर पुढच्या दीडशे वर्षांत तुम्ही होडी दिसताच काय केलं असतं?

१९७४ मध्ये माहितीपट करणारं पथक किनाऱ्याजवळ गेलं, तेव्हा दिग्दर्शकाच्या मांडीत बाण बसला. १९९१ च्या जानेवारीत मधुमाला चट्टोपाध्याय ज्या सरकारी पथकात होत्या, त्या पथकाकडून बेटावरच्या लोकांनी पाण्यात उभं राहून नारळ घेतले. म्हणजे त्यांना माणूस ओळखता येतो. नारळ घेतले, मुक्कामाचं आमंत्रण मात्र दिलं नाही. नंतर सरकारनं हे दौरे बंद केले. बाकी कोणत्याही बाबतीत मी सरकारची पाठ इतक्या सहज थोपटणार नाही, पण "त्यांना नको आहे, तर नको" हे धोरण शहाणपणाचं होतं.

आता पुढचं बघा. ऑगस्ट २०१८ मध्ये परदेशी पर्यटकांना लागणारी खास परवान्याची अट २९ बेटांवरून उठवली गेली आणि त्या यादीत उत्तर सेंटिनलही होतं! आदिवासी संरक्षणाचा १९५६ चा नियम लागू होताच, त्यामुळे तिथे जाणं गुन्हाच राहिला. पण पर्यटनाच्या उत्साहात यादी करणाऱ्याचा हात अडखळला नाही. त्याच नोव्हेंबरात एक अमेरिकन तरुण धर्मप्रसारासाठी तिथे उतरला आणि मारला गेला. मार्च २०२५ मध्ये दुसरा अमेरिकन तरुण रबरी होडीतून गेला, किनाऱ्यावर एक नारळ आणि कोलाचा एक डबा ठेवला, कॅमेऱ्यात सगळं टिपलं आणि परत येऊन पकडला गेला. पहिल्याला आत्मे वाचवायचे होते, दुसऱ्याला दाखवायचं होतं. दोघांच्याही लेखी समोरच्यांचा नकार मोजायची गोष्ट नव्हती.

इथे सॅकवाल्या प्रवाशांना राग येईल. आम्ही टूरवाल्यांसारखे नाही, आम्ही हळू फिरतो, स्थानिक खातो, प्लॅस्टिक टाकत नाही. मान्य. पण 'ऑफबीट'चा हव्यास नीट तपासून पाहा. टूरवालं कुटुंब सगळे जातात तिथे जातं आणि संध्याकाळी हॉटेलात परत येतं. सॅकवाल्याला मात्र जिथे कोणी गेलं नाही तिथेच जायचं असतं. 'अनटच्ड' हा त्याच्या रीलचा लाडका शब्द. अस्पर्श जागेला स्पर्श करण्यात त्याला मोठेपणा वाटतो, आणि त्याची रील पाहून पुढचे पाचशे जण निघतात. कोलाचा डबा ठेवणारा तरुण कोणी वेगळ्या ग्रहावरचा नव्हता. आपण सगळे ज्या रस्त्यावर चालतोय, त्याच्या टोकाला तो जाऊन पोचला, इतकंच.

'मग काय त्यांना काचेच्या पेटीत ठेवायचं?'

हा आक्षेप हटकून येतो आणि तो टाकाऊ नाही. ती माणसं आहेत, संग्रहालयातल्या वस्तू नव्हेत. त्यांना दवाखाना, शाळा, मोबाइल हवा असेल तर नाकारणारे आपण कोण? बरोबर, आपण कोणीच नाही. पण पेटी कोणती ते तर बघा. काचेआडून बघितलं जातं ते जिरकाटांगच्या पुढे, आणि काच गाडीची असते.

जारवा काळाच्या बाहेर थिजलेले नाहीत. १९९६ मध्ये पाय मोडलेल्या एका जारवा मुलावर पोर्ट ब्लेअरच्या रुग्णालयात काही महिने उपचार झाले. १९९७ पासून ते आपण होऊन जंगलाबाहेर येऊ लागले. काहींना आता हिंदी येतं. काही आजारी पडले तर उपचार घेतात. २०२५ च्या सुरुवातीला त्यांच्यातल्या काहींना मतदार ओळखपत्रंही मिळाली. सरकारचं २००४ चं जारवा धोरणही त्यांच्या जगण्यात कमीत कमी ढवळाढवळ करा असंच सांगतं. बाहेरच्या जगाशी किती आणि कसा संबंध ठेवायचा, हे त्यांना त्यांच्या गतीनं ठरवू द्या, एवढाच मुद्दा आहे. डॉक्टर, परिचारिका, भाषा शिकलेला कार्यकर्ता यांच्याशी संबंध येणं वेगळं. ४० च्या वेगानं जाणाऱ्या गाडीतून बिस्किटाचा पुडा दाखवणाऱ्याशी काय संबंध जुळणार? त्यातून मूल फक्त हात पसरायला शिकतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मधल्या आणि उत्तर अंदमानात फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची गावं आहेत, रांचीकडच्या मजुरांच्या वस्त्या आहेत. त्यांना सरकारनंच तिथे वसवलं. आजारी माणूस जिल्ह्याच्या रुग्णालयात न्यायचा तर रस्ता हवा. त्यांना खलनायक ठरवणं हा शहरी माणसाचा आळस आहे. पण म्हणूनच रुग्णवाहिका आणि पर्यटकांची गाडी एकाच वाक्यात बसवू नका. मायाबंदर, रंगत, दिगलीपूरला समुद्रमार्गे जाता येतं. बोटी पुरेशा नसतील, वेळेवर नसतील, तर बोटींसाठी भांडा, त्यात रहिवाशांचंही भलं आहे. पर्यटकांच्या गाड्या उद्या बंद केल्या तर एकाही रुग्णाचं नुकसान होणार नाही. नुकसान होईल ते टूरच्या कार्यक्रमातल्या 'चौथ्या दिवसा'चं.

दार ज्याचं, कडी त्याच्या हातात

म्हणजे आदिवासींच्या बेटांवर कधी जाऊच नये का? जावं, बोलावलं तर. पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्याला गुना यालामध्ये साडेतीनशेहून जास्त छोटी बेटं आहेत. जगभरचे सॅकवाले तिथे जातात, कोलंबियाहून शिडाच्या बोटींतून येतात, नारळाखाली झोपड्यांत राहतात. बेटं गुना लोकांची आहेत. पनामाच्या पोलिसांनी त्यांचा पेहराव आणि चालीरीती बंद पाडायचा घाट घातला, तेव्हा फेब्रुवारी १९२५ मध्ये गुनांनी उठाव केला. आज तिथे त्यांची स्वायत्त सत्ता आहे, त्यांची काँग्रेस आहे. बाहेरच्याला जमीन विकत घेता येत नाही. प्रदेशात शिरताना त्यांच्या नाक्यावर त्यांचा कर भरावा लागतो. स्कूबा डायव्हिंगला त्यांनी मनाई केली आहे. मोला शिवणाऱ्या बाईचा फोटो हवा असेल तर आधी विचारायचं, ती पैसे मागेल, आणि नाही म्हणाली तर मोबाइल खिशात.

गुना याला काही स्वर्ग नाही. कचऱ्याचा प्रश्न आहे, पैशांवरून भांडणं आहेत, आणि समुद्र वर चढतोय. २०२४ मध्ये गार्डी सुगदुब बेटावरची सुमारे तीनशे कुटुंबं मुख्य भूमीवर राहायला गेली. पण पाहुण्याला आत घ्यायचं की नाही, हा निर्णय तिथे यजमान घेतो. म्हणून कुठेही जाताना तीन गोष्टी विचारा. आत सोडायचं की नाही हे कोण ठरवतं? पैसा कोणाकडे जातो? त्यांना उद्या दार लावावंसं वाटलं तर लावता येईल का? जिरकाटांगला या तिन्ही प्रश्नांच्या उत्तरात जारवा कुठेच नाहीत.

हे समजायला पनामापर्यंत जायचीही गरज नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची ग्रामसभा सर्वांच्या सहमतीनं निर्णय घेते, २००९ मध्ये त्यांनी सामूहिक वनहक्क मिळवला. तिथे गेलात तर ग्रामसभेला विचारूनच काम करावं लागतं. आणि त्याच महाराष्ट्रात 'आदिवासी पाड्यात एक रात्र' विकली जाते, त्यात जेवणानंतर तारपा वाजवून नाचायला लावलं जातं. फरक कोणाला कळत नाही असं समजू नका, नाचणाऱ्याला तो कळतो.

नकार कागदावरही असतो

बाण मारून सांगितलं तर आपण हिंस्र म्हणतो. मग सभ्यपणे, लेखी सांगितलं तर? ग्रेट निकोबारला बंदर, विमानतळ, वीज प्रकल्प आणि नवं शहर उभं राहणार आहे. त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल वळतं केलं जातंय. २०११ मध्ये सुमारे आठ हजार वस्तीच्या या बेटावर पुढच्या तीसेक वर्षांत साडेतीन लाख माणसं आणायचा आराखडा आहे, आणि त्यात पर्यटन आहेच. तिथे शोंपेन राहतात, जनगणनेत २२९. निकोबारी राहतात, ज्यांना त्सुनामीनंतर आपल्या गावांपासून हलवलं गेलं आणि ज्यांना परत जायचंय. त्यांच्या आदिवासी परिषदेनं नोव्हेंबर २०२२ मध्ये आधी दिलेलं ना-हरकत पत्र लेखी मागे घेतलं. काम पुढे चालू आहे.

सरकारला एवढं धाडस कुठून येतं? बेट म्हणजे रिकामी जागा, ही समजूत आपण सगळ्यांनी मिळून तयार केली आहे. निळं पाणी, पांढरी वाळू, ड्रोन हळूहळू वर जातो आणि फ्रेममध्ये एकही माणूस नाही. अशा लाखभर रील पाहिल्यावर तिथे कोणी राहतं हेच डोक्यातून जातं. मग बंदर बांधलं काय आणि रिसॉर्ट बांधलं काय!

म्हणून पुढच्या वेळी अंदमानचं ठरेल तेव्हा बाराटांगचा दिवस कापायला सांगा. टूरवाला म्हणेल, सगळे जातात. त्याला विचारा, गुहांसाठी की कशासाठी? घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जारवांचा व्हिडिओ आला तर पुढे पाठवू नका आणि पाठवणाऱ्या काकांना तो गुन्हा आहे हे सांगा, वाईटपणा आला तरी चालेल. सेल्युलर जेल जरूर बघा. त्याच शहरात १८५९ च्या लढाईचं छोटं स्मारक आहे, तिथेही जा. आणि परत आल्यावर कोणी आवाज खाली आणून तो तिसरा प्रश्न विचारलाच, तर नेहमीच्या आवाजात सांगा की त्या रस्त्यानं गेलो नाही, त्या लोकांनी बोलावलं नव्हतं.